दुपारी दात घासणाऱ्या सुलूताई

कोर्टात माणूस शपथ घेऊन जेवढं खोटं बोलत नसेल, तेवढं दाताच्या खुर्चीत आडवा होऊन बोलतो. डॉक्टरांनी विचारावं, "दिवसातून किती वेळा घासता?" उत्तर ठरलेलं, "दोन वेळा." तोंड उघडलं की आत कालची मेथी. "तंबाखू, गुटखा?" "छे छे, नावच नको." आणि शर्टाच्या खिशातून पुडी डोकावत असते. बावीस वर्षं मी अंबरनाथ पूर्वेच्या एका दाताच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहिलेय, पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरून. उजवीकडे डॉक्टर, डावीकडे मी, मध्ये ते उघडं तोंड. इतक्या जवळून माणसं बघितली की त्यांच्याबद्दल फारसा आदर राहत नाही. स्वतःबद्दल तर मुळीच नाही, कारण त्या दवाखान्यातली सगळ्यात मोठी खोटारडी मी होते. ते कसं, तेच सांगायला बसलेय.

मी खरवईची, म्हणजे बदलापूरच्या अगदी टोकाची. पूर्वी आमच्या दारासमोर भाताची शेतं होती. आता उंच उंच इमारती आहेत आणि त्यांना अशी इंग्रजी नावं आहेत की गावातल्या रिक्षावाल्यांनाही ती धड घेता येत नाहीत. मी दहावी पास. आमचे हे एमआयडीसीत फिटर. मुलगी शाळेत जायला लागली, घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी मॅडमच्या दवाखान्यात लागले. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. माझ्याहून चार वर्षांनी लहान, चणीनं एवढ्याशा, पण दाढ काढायला उभ्या राहिल्या की भलेभले खुर्चीचे हात घट्ट धरायचे. मला त्या सुलूताई म्हणतात. पेशंट कुणी मावशी म्हणतं, कुणी सिस्टर. सिस्टर म्हटलं की मी जरा ताठ उभी राहते.

अवजारं धुवायची, मशीनमध्ये तापवून निर्जंतुक करायची, नळी धरायची, रडणाऱ्या पोराचे पाय धरायचे, अशी माझी कामं. पण खरं मोठं काम फोनचं. मॅडमचा एकच हट्ट: दुखो न दुखो, दर सहा महिन्यांनी माणसानं येऊन तोंड दाखवायचं, कीटण साचलं असेल तर साफ करून घ्यायचं. वहीत महिन्याप्रमाणे नावं लिहिलेली. रोज सकाळी मी फोन लावायची, "नमस्कार, दवाखान्यातून सुलूताई बोलतेय. सहा महिने झाले, कधी येताय?"

त्यावर लोक काय काय सांगायचे! "दुखत नाही हो, मग कशाला?" हे पहिलं. "आज गुरुवार आहे," हे दुसरं. दत्तगुरूंचा आणि दातांचा काय संबंध, हे मला आजवर कळलेलं नाही. "मशीन लावलं की दात हलतात, आमच्या आत्याचे हलले," हे तिसरं. एक जण म्हणाले, "मार्च एंडिंग चालू आहे," आणि महिना जूनचा. नातवाची परीक्षा आहे म्हणून एक आजी दोन वर्षं आल्या नाहीत, नातू बालवाडीत. एक बाई म्हणाल्या, "पितृपंधरवडा संपला की येते." मी म्हटलं, "का हो, पितरांना काय तुमच्या दाढेत जेवायला बसायचंय?" मॅडमनी ऐकलं आणि त्या दिवशी माझी चांगलीच हजेरी घेतली.

आणि जे यायचे ते येण्याआधी घरी दहा मिनिटं घसाघसा घासून यायचे. कामवाली यायच्या आधी घर आवरून ठेवणाऱ्या बायका असतात ना, त्यातलाच प्रकार. सहा महिन्यांचं पाप दहा मिनिटांत धुऊन निघतं असा त्यांचा समज. हिरड्या सोलून लाल झालेल्या असायच्या, कीटण होतं तिथंच.

हे दात हलायचं प्रकरण मात्र एकदा नीट सांगते, कारण शिकलेसवरलेलेही त्यात अडकतात. अन्नाचा बुळबुळीत थर दातावर रोज बसतो. ब्रशनं तो जातो. जिथला राहतो तिथं तो दगडासारखा टणक होतो, मग ब्रशच्या बापालाही निघत नाही. तेच कीटण. ते हिरडीखाली शिरतं, हिरडी सुजते, रक्त येतं, हिरडी मागे सरते, आतलं हाड झिजतं. आणि गंमत अशी की दुखत काहीच नाही. वीस वर्षांचं कीटण आम्ही मशीननं काढलं की फटी मोकळ्या होतात, दात हलल्यासारखे वाटतात, आणि माणूस बाहेर जाऊन सांगतो, दवाखान्यात दात हलवले. अहो, पडक्या भिंतीला कचऱ्याच्या ढिगाचा टेकू होता, आम्ही कचरा उचलला. भिंत तुम्ही पाडलीत.

असं मी फोनवर तोंड भरून सांगायची. आता माझ्या तोंडाचं ऐका.

आमच्या आळीत बायकांचा दिवस चहानं नाही, मशेरीनं उजाडतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, बोटानं दातांना-हिरड्यांना घासायची आणि थोडी गालात धरून ठेवायची. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही आणि सासूशी भांडायला जोर येत नाही, अशी पक्की समजूत. मी आईचं बघून लग्नाआधीच शिकले. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या हाताला गुण होता. तंबाखू कुठपर्यंत भाजायची आणि तवा कधी उतरवायचा, ते मला वासावरून कळायचं. आळीतल्या चार घरांना माझ्याच तव्यावरची मशेरी लागायची. त्यातलं पहिलं घर कमळचं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं. आमच्या दोघींचं अंगण एकच.

दवाखान्यात दुपारी डबा खाल्ला की मला तलफ यायची. मागच्या बेसिनपाशी जायची, पाठ करून उभी राहायची, बोटानं घासायची, दहा मिनिटं गालात धरायची, खळखळून चुळा भरायची, वर मास्क चढवायची. लवंगाच्या तेलाचा वास दवाखान्यात इतका असतो की त्यात काहीही खपून जातं. मॅडमना एवढंच दिसायचं: जेवण झालं, सुलूताई बेसिनपाशी गेल्या, हात तोंडात चालतोय, चुळा भरल्या. त्या इतक्या खूश झाल्या की पेशंटला दाखलाच द्यायला लागल्या, "आमच्या सुलूताई बघा. दुपारी जेवल्यावरसुद्धा दात घासतात. इतक्या वर्षांत एकदा दाढ दुखली म्हणाल्या नाहीत!" पेशंट माझ्याकडे आदरानं बघायचे. एका आजींनी तर माझ्याकडे बोट दाखवून सुनेला सुनावलं, "शीक जरा यांच्याकडून." मी मास्कच्या आत ओठ दाबून उभी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

मला माहीत नव्हतं असं नाही हं. मशेरीनं तोंडाचं काय होतं, ते मॅडम आठवड्यातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला सांगायच्या आणि नळी धरून मी ऐकायची. गालात पांढरा डाग येतो, तो पुसून जात नाही, दुखत नाही, वेळेवर बघितला नाही तर त्याचा कॅन्सर होऊ शकतो. मला तोंडपाठ होतं सगळं. पण ते पेशंटांचं. दवाखाना म्हणजे बाहेरच्या लोकांसाठी असतो असंच मनात बसलेलं. आणि गेल्या वर्षी, उजव्या गालाच्या आत, खालच्या दाढांसमोर, जिथं मी रोज मशेरी धरायची त्याच जागी जिभेला खरखरीत लागायला लागलं. जीभ सारखी तिकडेच जायची. मी मनाला सांगायची, दुखत नाही ना, मग कशाला?

माझ्यासारखे शहाणे आणखीही होते, हाच तेव्हाचा दिलासा. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सचे ऑफिसर होते, प्रधान साहेब. त्यांना मी सात वेळा फोन केलेला. सातही वेळा "शटडाउन चालू आहे, मशीनं उघडलीत, नंतर बघू." आठव्या वेळी ते स्वतःच आले, गाल टमाट्यासारखा फुगलेला. त्या अवस्थेतही मॅडमना समजावत होते, "आमच्याकडे काय असतं मॅडम, पंप बंद पडायची वाट बघायचीच नाही. चालू पंप थांबवून उघडायचा, बेअरिंग बघायचं, ऑइल बदलायचं. नाहीतर लाखाचा पंप जातो."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, मग या पंपाचं शटडाउन कधी काढणार होतात?"

मॅडमनी खाली वाकून ट्रेमध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. दाढ गेलीच, मुळाशी पू, हाड खाल्लेलं. वर्षभर आधी आले असते तर एका फिलिंगवर भागलं असतं. बैल गेला नि झोपा केला. त्यानंतर मात्र साहेबांनी स्वतःच्या तोंडाचा तक्ता केला, लॅमिनेट करून फ्रिजवर लावला, असं त्यांच्या मिसेस सांगायच्या. माझ्या त्या वाक्याचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता. घरी जाऊन ह्यांना तीनदा सांगितलं, आणि सांगताना गालात मशेरी होती.

मला पकडलं ते उल्हासनगरच्या परसूशेठनी. तिथल्या कॅम्प तीन भागात त्यांचं कापडाचं दुकान. पहिल्यांदा दात साफ करायला आले तेव्हा खुर्चीत बसून म्हणाले, "डॉक्टरसाब, पहले नीचे का करो. पसंद आया तो ऊपर का बोलूँगा."

मी म्हटलं, "शेठ, हा काय कटपीस आहे का?"

"मावशी, माल देखे बिना पूरा थान कौन उठाता है?"

शेवटी खालचेच केले. तिसऱ्या दिवशी शेठ हजर. "ऊपर का भी कर दो. नीचे पानी लगता है तो मालूम पड़ता है, दाँत हैं." तेव्हापासून सहा महिन्यांचा माणूस. मला कधी फोन करावा लागला नाही, उलट तेच करायचे, "मावशी, टाइम हो गया, भूल गई क्या?" अर्धा बाजार त्यांनी आमच्याकडे पाठवला.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ते धाकट्या भावाला धरून घेऊन आले. भाऊ खुर्चीत बसायला तयार नाही. त्याचंही तेच, मशीन लावलं की दात ढिले होतात. मॅडमनी समजावलं, मी भिंतीचा आणि कचऱ्याचा दाखला दिला, ढिम्म हलेना. मग परसूशेठ पुढे झाले. भावाला म्हणाले, "देख, मैं धंधे में एक ही चीज देखता हूँ. दुकानदार अपने थान का शर्ट खुद पहनता है कि नहीं." आणि माझ्याकडे वळून, "मावशी, आपका आखरी सफाई कब हुआ?"

क्षणाचाही विलंब न लावता मी म्हटलं, "पिछले महीने ही, शेठ. हर छह महीने में करती हूँ."

एवढं सफाईदार खोटं त्या खुर्चीत बसून कुणी बोललं नसेल. भाऊ लगेच आडवा झाला, तोंड उघडलं. मी नळी धरली. मॅडमनी मान वर केली नाही, पण त्यांचा आरसा धरलेला हात मध्येच थांबला आणि मग चालू झाला, ते मला दिसलं. पुढच्या अर्ध्या तासात माझी नळी दोनदा त्याच्या गालाला चिकटली.

दोघं भाऊ गेल्यावर मॅडम हात धुता धुता म्हणाल्या, "सुलूताई, मागच्या महिन्यात कुणाकडे केलंत क्लीनिंग?"

"अं?"

"माझ्याकडे तर केलं नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे जाता का तुम्ही?"

आता काय सांगू! त्यांचा चेहरा उतरला होता. माझा खोटेपणा त्यांच्या ध्यानातच आला नाही. त्यांना वाटलं, बावीस वर्षं हाताखाली काम करणारी बाई स्वतःचे दात दुसऱ्याकडे दाखवते. क्षणभर मनात आलं, हो म्हणावं. त्यात सुटका होती. पण ती बाई इतकी दुखावली होती की जीभ रेटेना. मी म्हटलं, "कुणाकडे नाही. कधीच नाही केलं."

"कधीच?"

"दुखत नाही, मॅडम."

बोलले आणि माझे मलाच कान तापले. मॅडमनी खुर्चीवरचा दिवा लावला. "बसा."

"आज नको, आज गुरुवार आहे."

"आज मंगळवार आहे, सुलूताई."

"पुढचा पेशंट..."

"साडेपाचला. बसा म्हणते ना!"

बावीस वर्षं ती खुर्ची मी पुसत आले होते. तिच्यात पाठ टेकली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मास्क काढला. मॅडमनी आरसा हातात घेतला, वाकल्या आणि नुसत्या वासानंच थबकल्या. वरच्या ओळीवरून आरसा फिरला, खालच्या ओळीवर आला, मग त्यांनी बोटानं माझा उजवा गाल बाजूला ओढला. कापसाची घडी घेऊन आत पुसलं. पुन्हा पुसलं. पुसून जातं का बघत होत्या, हे मला कळत होतं. जात नाहीये, हेही कळत होतं. मॅडम पेशंटला रागवायला लागल्या की समजावं, फारसं काही नाही. गप्प झाल्या की समजावं, काहीतरी आहे, आणि आज त्या माझ्या तोंडात बघून गप्प झाल्या होत्या.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मशेरी."

"लग्नाच्या आधीपासून."

"आणि दुपारी बेसिनपाशी..."

मी डोळे मिटून घेतले. मॅडमनी ग्लोव्ह्ज काढले, स्टुलावर बसल्या. आधी हसल्या. "लोकांना सांगत होते मी, यांच्यासारखं करा म्हणून!" मग त्यांचे डोळे भरले. "रोज हातभर अंतरावर उभी होते तुमच्या. शेजारच्या पानवाल्याचा वास येतो म्हणून खिडकी लावून घ्यायचे मी. एकदाही तुम्हाला बसा म्हटलं नाही."

चोरी माझी आणि शरमल्या त्या. मला रडूच कोसळलं. आमच्या खुर्चीत रडणारी पोरं मी शेकड्यानं बघितली, त्यांना टिश्यू द्यायची पद्धत मला माहीत होती. तो टिश्यू मॅडमनी मला दिला.

दुसऱ्याच दिवशी त्या मला कल्याणच्या एका सर्जनकडे घेऊन गेल्या. त्यांनी गालातला चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस. ते आठ दिवस मी कामावर जात होते, फोनही करत होते. कुणी "दुखत नाही हो" म्हटलं की पूर्वी मी टोमणा मारायची; आता नुसता फोन ठेवून द्यायची. मशेरी त्याच दिवशी बंद केली. पोट चार दिवस रुसून बसलं, डोकं फुटायला आलं, ह्यांच्यावर विनाकारण खेकसले. ह्यांनी बिचाऱ्यांनी एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही, तेव्हाच कळलं की तेही घाबरलेत.

हे आम्ही दोघांतच ठेवलं. पण सहाव्या दिवशी कमळ रिकामी डबी घेऊन अंगणात आली. "ताय, संपली गो." मी म्हटलं, "तंबाखूच आणली नाही बाजारातून." ती गेली. मी तिथंच पायरीवर बसले.

कमळ या घरात सून म्हणून आली तेव्हा ती मशेरी लावत नव्हती. तिच्या माहेरी कुणीच लावत नसे. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत तिची दाढ ठणकायला लागली. रात्रंदिवस गाल धरून फिरायची. मी तेव्हा दवाखान्यात नुकतीच लागले होते. तिला मॅडमकडे नेणं किती सोपं होतं! पण नवी नोकरी, घरचं माणूस कसं न्यायचं, मॅडम काय म्हणतील, असला विचार केला आणि तिच्या हातात माझी डबी दिली. "लाव जराशी, बधिर होईल." झाली बधिर. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून मागितली. तेव्हापासून माझ्याच हातची. आठवडाभर स्वतःच्या गालाची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या पायरीवर बसून वाटली.

रिपोर्ट मॅडमच्या मोबाइलवर आला. त्यांनी दोनदा वाचला आणि मग मला सांगितलं, "कॅन्सर नाही. अजून नाही. पण पेशी बदलायला लागल्यात, डाग काढून टाकायला लागेल. वर्षभर आणखी बसला असतात, सुलूताई, तर मला हे वाक्य असं बोलता आलं नसतं." सर्जननी डाग काढला, टाके घातले. महिनाभर तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, जन्मभर. सहा महिन्यांची सूट आम्हाला नाही. परसूशेठना मॅडमनी नाही, मीच खरं काय ते सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "मावशी, झूठ भी अच्छे दिन पर बोला आपने."

शेजारीपाजारी आम्ही सांगितलं, अक्कलदाढ काढली. कमळ रोज पातळ पेज करून आणायची. माझ्यासमोर बसायची, मी चमच्यानं पेज ओढायची आणि ती बोलत राहायची, तोंडात एका बाजूला मशेरी धरून. मला तिच्या गालाकडे बघवत नव्हतं.

दीड महिन्यानं, मी अजून रजेवर असताना, एका शनिवारी दुपारी, ती अंगणात माझ्यासमोर येऊन बसली. "आथा तरी भाजशील ना? दुकानानची घेतली, घशाला लागतंय."

मी म्हटलं, "आता नाही भाजणार. कधीच नाही." आणि सगळं सांगितलं. डाग, तुकडा, रिपोर्ट, टाके. तिनं डोळे मोठे केले, चुकचुकली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "तू पण चल. नुसतं बघतील. पाच मिनिटांचं काम आहे."

ती हसायलाच लागली. "मना काय झायलंय? दुकत नाय, खुपत नाय. कनाला येव?"

"मलाही दुखत नव्हतं, कमळ."

"तुजा येगला. तू दवाखान्यान रोज रोगी बगतंस, तुला भ्याव बसलाय."

मी जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं. गोड बोलले, रागावले, पंप सांगितला, भिंत सांगितली. अनोळखी माणसांना फोनवरून ओढून आणणारी मी, आणि हातभर अंतरावरच्या बाईपुढे माझं काही चालेना. तिचं एकच, कनाला, कशाला? वर म्हणते कशी, "तूच तं दिलतीस, आथा तूच नको बोलतंस." बोलली ते खरंच होतं, त्यामुळे जास्त लागलं.

मी उठले आणि मोरीतला साबण तिच्या हातात दिला. "हात धू."

"आं?"

"धू म्हणते ना! नखं पण घास."

तिला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण धुतले. मी तिच्यासमोर पायरीवर बसले आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं. तिचं बोट धरून माझ्या उजव्या गालात घातलं, टाक्यांच्या जागेवर नेलं.

"सुतळीसारखा लागतंय," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता.

मी तिचं बोट बाहेर काढलं. "हे आत्ताचं. आधी खरखरीत होतं. तांदळाच्या कण्या चिकटल्यासारखं. जिभेला लागायचं."

"आनि दुकाचा नाय?"

"एक दिवसही नाही."

मी म्हटलं, "पुन्हा धू हात," तर ती उठून मुकाट्यानं धुऊन आली. पायरीवर बसली. आणि तिनं तेच बोट स्वतःच्या तोंडात घातलं, उजव्या गालात, खालच्या दाढांपाशी. बोट जरा पुढे गेलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं आणि एका जागी थांबलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. बोट तसंच आत होतं.

"ताय," बोट काढून ती म्हणाली, "उद्या दवाखाना उघरा हाय का?"

"उद्या कशाला," मी म्हटलं. "साडी बदल."